झालेला शंकर

गाढवपणा आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं मोकळेपणानं मिरवता येईल.

माझ्या हातात एकदा सायबेरियाहून आलेला पक्षी होता. चिमणीएवढाच, पण पायात परदेशातली कडी घातलेला. आमच्या केंद्रातली माणसं कित्येक वर्षं अशा एका पक्ष्याची वाट बघत होती. मी तो जाळीतून काढला, पायातली कडी बघितली, "झालेलं हाय" म्हणाले आणि सोडून दिला. कुणाला दाखवला नाही, कडीवरचा आकडा वाचला नाही. वर "जा बाबा" असं लाडानं म्हणाले. आणि मग मॅडमना जाऊन सांगितलं, की तुमचं एक काम मी वाचवलं.

हे करणारी पारू तेव्हा चाळिशीची होती. लुगड्याचा काष्टा घट्ट, आवाज त्याहून घट्ट. घोड नदीच्या दोन्ही काठांवर आपल्याइतकी हुशार बाई नाही, अशी तिची खात्री होती. आता मी तिची आजी शोभेन. कधीकधी ती आठवली की कान पिळावासा वाटतो. पण पिळायचा तर स्वतःचाच, म्हणून सोडून देते.

आमचं केंद्र इनामगावच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं ओटा, मागं स्वयंपाकाचं छप्पर. समोर नदीचा डोह, आणि डोहाच्या कडेनं माणसापेक्षा उंच वाढलेली पाणकणसं. पुण्याची माणसं आमच्याकडे यायची ती खापरं उकरायला. आमच्या शिवारात फार जुन्या काळची वस्ती सापडली, तेव्हा माझ्या सासूबाईंनी तिथं मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. त्यामुळं पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या अनघा मॅडम दौंडला गाडीतून उतरून, पुढं एसटीनं धक्के खात आल्या आणि नदीकाठी खड्डे घ्यायला लागल्या, तेव्हा गावाला वाटलं, निघाली पुन्हा खापरं. खड्डे होते बांबू रोवायला. पारावर बसणारे आप्पा मुद्दाम काठी टेकत बघायला आले.

"कुठलं पाव्हणं?"

आमच्याकडे हा प्रश्न रामरामाच्याही आधी येतो.

"पुण्याची," मॅडम म्हणाल्या.

"काय उकारताय?"

"काही नाही हो आप्पा. पक्षी धरायचे आणि सोडायचे."

आप्पांनी काठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाले, "सोडायचंच, तर धरताय कशाला?"

आमच्या सगळ्या धंद्याचा सवाल आप्पांनी पहिल्याच दिवशी विचारून ठेवला. त्याचं उत्तर देता देता माझे केस पांढरे झाले.

तर धरतो कशाला. पाऊस उघडला, बाजरी काढणीला आली, नवरात्राचे घट बसले, की आमच्या नदीवर पाव्हणे उतरायला लागतात. धोबी येतात, शेपूट वरखाली करत काठानं पळणारे. वटवट्ये येतात, दिसत नाहीत पण दिवसभर कटकट करतात. आणि शंकर येतो. शंकर म्हणजे चिमणीएवढा मातकट पक्षी, पण नराच्या गळ्याला असा निळा रंग, की देवळातल्या चित्रातल्या शंकराचा गळा त्यापुढं फिका पडावा. निळ्याच्या मधोमध विटकरी ठिपका. हे सगळे थंड मुलखातून येतात, हिवाळा इथं काढतात आणि उन्हं तापली की जातात. कुठून येतात, कुठं जातात, परत त्याच जागी येतात का, हे नुसतं बघून कळत नाही. सगळे शंकर सारखेच दिसतात. म्हणून पायात अॅल्युमिनियमची हलकी कडी घालायची. कडीवर आकडा असतो, कुठली कडी ते लिहिलेलं असतं. तो पक्षी पुन्हा कुणाच्या हाती लागला, तर त्या आकड्यावरून कळतं, हा कधी, कुठं, कुणी धरला होता. सरकारची परवानगी असल्याशिवाय हे करता येत नाही. नाहीतर आमच्या आळीतल्या पोरांनी साळुंक्यांनासुद्धा पैंजण घातले असते.

दिवस उजाडायच्या आत जाळ्या उघडायच्या. काळ्या, केसासारख्या बारीक दोऱ्याच्या जाळ्या, दोन बांबूंमध्ये ताणलेल्या, आणि त्यांना आडवे झोळ. पक्षी झाडीतून उडत येतो, त्याला जाळी दिसत नाही, तो धडकून खालच्या झोळात पडतो आणि पाळण्यात निजल्यासारखा पडून राहतो. सारख्या फेऱ्या मारायच्या, कारण पक्षी जास्त वेळ लटकला तर जीव घाबरतो. जाळीतून काढायचा, सुती पिशवीत घालायचा, ओट्यावर न्यायचा. तिथं मॅडम बसलेल्या. त्या कडी घालणार, पंख पट्टीवर मोजणार, वजन करणार. आणि मग सगळ्यात गमतीचं काम, फुंकर. पक्ष्याच्या गळ्याखालच्या पिसांवर हळू फुंकायचं, पिसं बाजूला होतात, आणि पातळ कातड्याखाली चरबी दिसते, पिवळी, थिजलेल्या तुपासारखी. लांबच्या प्रवासाची ती शिदोरी. तूप भरपूर असेल तर हा निघायच्या तयारीत. तूप संपलेलं असेल तर हा आत्ताच दमून पोचलेला. मी पहिल्यांदा ते तूप बघितलं तेव्हा गप्प झाले होते. मी गप्प झाले की लोकांना काळजी वाटते, म्हणून सोपानमामांनी मला पाणी आणून दिलं.

सोपानमामा म्हणजे केंद्राचे राखणदार. बांबू त्यांनी रोवायचे, जाळ्या त्यांनी ताणायच्या आणि टोमणे त्यांनी मारायचे.

तऱ्हेतऱ्हेचे ग्राहक यायचे. पक्ष्यांमध्ये सगळ्यात बदमाश खाटीक. दिसायला देखणा, पण हातात आला की बोटाचं कातडं धरून पिळतो आणि डोळ्यात डोळे घालून बघतो, दुखलं का म्हणून. पहाटे कधी वाघळं अडकायची. माणसांतले ग्राहक त्याहून वरचढ. एकाला वाटायचं, कडीत कॅमेरा आहे आणि पक्षी त्याच्या शेतातला बोअर बघून पुण्याला कळवतो. एक म्हातारी नातवाला कडेवर घेऊन आली, म्हणाली, "याच्याबी पायात एक घाला बाई, सारखा आजारी पडतोय." मॅडमनी तिला समजावून सांगितलं, ही कडी औषधाची नाही. म्हातारी म्हणाली, "मग पाखरांना तरी कशाला घालता?" पुन्हा आप्पांचाच सवाल. आणि मला बायका विचारायच्या, "कडी कुठल्या पायात घालता?" मी ठोकून द्यायची, "लग्न झालेल्याला दोन्ही पायांत, जोडवी म्हणून." पुढं एक बाई खरंच मॅडमना विचारायला आली, मग मला बोलणी बसली.

मी तिथं लागले स्वयंपाकाला. पण नुसतं पिठलं हाटत बसणं माझ्याच्यानं होईना. मॅडम जाळीपाशी गेल्या की मी तव्यावरची भाकरी सोडून मागं उभी. आम्ही मेंढरांच्या घरातली माणसं. आता शेती आहे, पण माझे सासू-सासरे मेंढरं घेऊन दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाळ्याला परत यायचे. कोकरांच्या लोकरीत कुसळं आणि काटे अडकतात, ते मी लहानपणापासून काढत आलेली. मॅडमना म्हणाले, "हे बी तसंच हाय की. द्या इकडं." आणि खरंच जमलं. तेवढ्यावर पारूबाईंची मान अशी ताठ झाली, की डोक्यावर हंडा न ठेवताही ठेवल्यासारखी चालायला लागली. मॅडमनी सगळं नीट शिकवलं. आधी पाय सोडवायचे, मग पंख, मग डोकं. पक्षी मुठीत कसा धरायचा, किती दाबायचा नाही. आणि एक गोष्ट निक्षून सांगितली होती, कडीवाला पक्षी सापडला तर सगळ्यात आधी तो आणायचा, बिनकडीच्यापेक्षा त्याचं मोल मोठं. हे मी ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकताना डोक्यात दुसरंच काहीतरी चाललं होतं. बहुधा मीच.

आणि मग ती सकाळ. पाणकणसातली जाळी, त्या दिवसाची पहिली फेरी. खालच्या झोळात शंकर. गळा निळाभोर. मी पाय सोडवला आणि पायात कडी दिसली.

आता इथं माझं डोकं कसं चाललं ते सांगते. आमच्याकडे मेंढरांना लस टोचायला डॉक्टर यायचे. शेकडो मेंढरं वाघुरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात कोंडलेली, सगळी सारखी. एकच मेंढी दोनदा टोचली जाऊ नये म्हणून टोचून झाली, की तिच्या डोक्यावर गेरूचा टिळा. सासूबाई दारात उभ्या राहून ओरडायच्या, "टिळा दिसला का सोड! झालेली हाय ती!" मी सून म्हणून आले त्या वर्षापासून हेच काम केलं. टिळा दिसला की हात आपोआप सैल सुटतो. कडी दिसली आणि हात सुटला. डोक्याला विचारलंच नाही.

ओट्यावर जाऊन मी सांगितलं, "म्याडम, एक काम वाचवलं तुमचं. पाणकणसात शंकर हुता, पर झालेला. दिला सोडून."

मॅडम पट्टी पुसत होत्या. त्या थांबल्या. "झालेला म्हणजे?"

"कडी हुती की पायात."

"पारूबाई, ही आजची पहिली फेरी."

"व्हय."

"आज आपण अजून एकाही पक्ष्याला कडी घातलेली नाही."

"व्हय," मी म्हणाले. आणि तरीही ट्यूब पेटेना. "मंग कालचा असंल."

"या मोसमात आपल्याला शंकर सापडलेलाच नाही." मॅडमचा आवाज फार हळू झाला. "कशी होती कडी? आपल्यासारखी चकचकीत?"

"न्हाई. मळकी हुती. जरा वायलीच वाटली. म्या म्हनलं, चिखूल लागला असंल."

सोपानमामांनी डोक्याची टोपी काढली. आमच्यात टोपी कधी काढतात ते सगळ्यांना माहीत आहे.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, आमच्यात ओरडलं की प्रकरण मिटतं. त्यांनी पट्टी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आपण इतकी वर्षं इथून कड्या घालून पाठवतोय. तिकडून एकदाही काही कळलं नाही. तिकडं रान केवढं, धरणारी माणसं किती थोडी. तिकडचा एखादा इकडं सापडला तरच धागा जुळणार होता. या डोहावरचे शंकर येतात कुठून, एवढं मला एकदा कळायला हवं होतं." आणि मग, "आज तुम्ही स्वयंपाकाचं बघा."

घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. ओट्यावर पाय पसरून, डोळ्याला नीट दिसत नसतानाही सगळ्या गावावर नजर ठेवून बसलेल्या असायच्या. मी रडत रडत म्हणाले, "तुमीच शिकीवलंत, टिळा दिसला का सोड म्हणून!" त्यांनी तोंडातली मिसरी थुंकली. "आगं, ती आपली मेंढरं. टिळा बी आपलाच. दुसऱ्याच्या वाड्यातलं मेंढरू आपल्यात घुसलं, तर म्या कवा सोडलं व्हतं का बघितल्याबिगर?" पुढचे दोन दिवस त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगत होत्या आणि दर वेळी माझा मूर्खपणा थोडा वाढवत होत्या.

आता प्रश्न असा होता, की शंकर गेला का राहिला. मॅडम म्हणाल्या होत्या, तो इथं मुक्कामाला उतरलाय की नुसता वाटेत टेकलाय, ते सांगता येत नाही. टेकला असेल तर आज रात्रीच जाईल. मुक्कामाला असेल तर याच डोहाभोवती हिवाळाभर राहील, पण एकदा जाळीत सापडलेला पुन्हा जाळीकडं फिरकणार नाही. आणि दिवाळीला केंद्र बंद करून सगळे संक्रांतीपर्यंत घरी जाणार होते. पाणकणसातल्या जाळीत नंतर वटवट्ये आले, खंड्या आला, बेडूकसुद्धा आला. शंकर आला नाही. मॅडम मला एक शब्द बोलत नव्हत्या आणि पिठल्याला छान म्हणत होत्या. ते छान मला खाटकाच्या चोचीसारखं टोचायचं.

छपराच्या मागं मी भांडी घासायची. तिथलं पाणी उताराला जाऊन पाणकणसाच्या कडेला मुरायचं, तिथं कायम चिखल, चिखलावर माश्या आणि किडे. एका दुपारी परात घासताना बघते तर त्या चिखलात काहीतरी टुणटुण पळतंय. पळालं, थांबलं, शेपूट पंख्यासारखी उघडली, बुडाशी विटकरी. मान वर केली आणि गळा निळा. तो एका पायावर वळला आणि दुसऱ्या पायात मळकी कडी.

हातातली परात तशीच घेऊन मी पळाले. "म्याडम! शंकर माज्या खरकट्यावर आलाय!"

मॅडम येईपर्यंत तो पाणकणसात गडप. पण डोळे मिटून घेतले त्यांनी क्षणभर. "म्हणजे मुक्कामाला आहे," एवढंच म्हणाल्या.

शहाण्या बाईनं इथं थांबायचं असतं. पारू थांबली नाही. दुसऱ्या दिवशी मॅडम जाळीवर असताना मी कोंबड्या झाकायचं डालगं आणलं, काठीवर तिरकं टेकवलं, काठीला दोरी बांधली आणि छपराआड दोरी धरून बसले. आत दोन अळ्या टाकलेल्या. शंकर आला, डालग्याकडं बघितलं आणि लांबून वळसा घालून गेला. मग काहीतरी आत शिरलं, मी दोरी ओढली, आणि आतून सोपानमामांचा बोका असा बोंबलला की नदीपलीकडची बगळ्यांची रांग उठली.

"धरला का शंकर?" सोपानमामा म्हणाले. "जरा केसाळ वाटतोय."

मॅडमनी डालगं उचलून बाजूला ठेवलं. "हे पुन्हा करायचं नाही. ही कड त्याच्या पायावर पडली असती तर पाय मोडला असता. ज्या पायात कडी आहे तोच. मग आकडा वाचून काय करणार होतो आपण?"

त्या दिवशी मला त्यांची खरी ओळख झाली. त्यांना तो आकडा हवा होता, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. पण पक्ष्याच्या पायाहून तो मोठा नव्हता.

मग त्यांनी आपली युक्ती केली. छपराच्या भिंतीची सावली पडते तिथं, चिखलाच्या कडेला दोन आखूड बांबू रोवले. नुसतेच बांबू, जाळी नाही. "त्याला सवय होऊ दे. रोज दिसणाऱ्या वस्तूला कुणी घाबरत नाही." शंकर जमिनीलगत पळतो, म्हणून जाळीचा खालचा झोळ अगदी चिखलाच्या वर येईल असं मापून ठेवलं.

"आन् म्या काय करू?"

"रोज करता तेच. भांडी घासा."

माझ्या आयुष्यात मी इतकी भांडी कधी घासली नाहीत. घासलेली घासली. केंद्राचा पितळी तांब्या असा लखलखला की सोपानमामा त्यात बघून मिशा कापायला लागले. शेजारच्या बायका म्हणाल्या, "दिवाळीची तयारी का गं?" मी मान न वळवता, ओठ न हलवता म्हणायची, "व्हय." कारण चार हातांवर शंकर चरत असायचा. तो माझ्याकडं बघायचा, मी तव्याकडं बघायची. दोघंही एकमेकांना बघत नसल्यासारखे. त्याला बांबूंची सवय झाली, माझी झाली, आणि मला त्याची झाली. पहाटे तो पाणकणसातून हळू आवाजात काहीतरी पुटपुटायचा, मधेच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करायचा. गुणी आणि आगाऊ. मला तो आमच्याच घरातला वाटायला लागला.

वसुबारसेच्या सकाळी मॅडमनी जाळी लावली. दुपारी केंद्र बंद व्हायचं होतं. त्यांच्या पिशव्या ओट्यावर बांधून तयार. मी राख घेऊन तव्याला बसले. शंकर आला, चिखलावर थांबला, एक किडा उचलला. मग बांबूंच्या पलीकडं त्याला काहीतरी दिसलं आणि तो नेहमीसारखा, बिनघोर, मधून निघाला. झोळ हलला.

मी ओरडले नाही. उठलेही नाही. मॅडमच धावत आल्या, जाळीपाशी खाली वाकल्या आणि मग बाजूला झाल्या.

"पारूबाई, तुम्ही काढा."

"न्हाई म्याडम. तुमीच."

"तुम्हाला तो ओळखतो. या."

मी वाकून बघितलं. घाबरून तो गोल फिरला होता, आणि जाळीचा दोरा नेमका कडी आणि पाय यांच्या फटीत शिरून आवळला होता. काडीसारखा पाय. ओढलं तर पाय जाणार. थांबलं तर तो धडपडून स्वतःच मोडून घेणार. मॅडमनी कात्री पुढं केली, पण दोरा इतका रुतलेला की कात्रीचं टोक आत जाईना. सोपानमामांनी आपल्या सावलीनं त्याच्यावर ऊन येऊ दिलं नाही. मी त्याला मुठीत धरलं. एवढंसं ऊबदार अंग आणि त्यात एवढं मोठं धडधडणारं काळीज. आधी पाय, मग पंख, मग डोकं. मी मनात नाही, मोठ्यानं म्हणत होते, "आदी पाय. आदी पाय." कडी हळूच वर सरकवली, दोरा नखानं मागं लोटला, पुन्हा सरकवली. एक वेढा सुटला. दुसऱ्याला माझ्या डोळ्यांत पाणी येऊन दिसेनासं झालं, मॅडमनी आपल्या पदरानं माझे डोळे पुसले. दुसराही सुटला. पाय सरळ झाला आणि त्यानं माझं बोट पकडलं.

ओट्यावर मॅडमनी भिंग लावून आकडा वाचला. मग मला उलटीकडून वाचायला लावला, मग सोपानमामांना. तिघांचा एकच आला. अक्षरं इंग्रजी, पण गाव परक्या देशातलं. गळ्यावर मी फुंकर घातली, तूप थोडंसं साठायला लागलेलं. आमच्या खरकट्यावरचे किडे मानवले होते.

"सोडा," मॅडम म्हणाल्या.

चिखलाच्या कडेला जाऊन मी मूठ उघडली. या वेळी "झालेलं" म्हणायला जीभ वळली नाही.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं जाळ्यांवर काढली. पुढं मॅडमनी मला कडी घालायलाही शिकवलं. लांबून शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगते आणि मग कडीवाला पक्षी कुणी माझ्याआधी ओट्यावर पोचवतोय का ते बघते. आता सोपानमामा नाहीत, आत्याबाईही नाहीत. ऊस नदीला टेकला, वाळू उपसून उपसून डोहाचा आकार बदलला, पाणकणसं होती त्यातली थोडीच उरली. जिथं पूर्वी शंकर शोधावा लागायचा नाही, तिथं आता थांबावं लागतं. पण थांबलं तर येतो. भांडी घासायला आता नळ आहे, तरी मी खरकटं पाणी मुद्दाम त्याच उताराला सोडते. सून चिडते. चिडू दे.

सांगायचं राहिलं ते असं. संक्रांत झाल्यावर मॅडम दौंडहून पेढ्याचा पुडा घेऊनच आल्या. कडीवरचा आकडा त्यांनी परदेशात कळवला होता, तिकडून उत्तर आलं होतं. मी भाकरी थापत होते, त्यांनी माझ्या परातीतल्या पिठातच बोटानं खूण केली. "हे आपण." मग बोट ओढत नेलं, "हा हिमालय, हे वाळवंट," परातीची कड आली, बोट खाली उतरलं, ओट्यावरून पुढं गेलं, भिंतीपाशी थांबलं. "इथं. सायबेरियातल्या एका नदीच्या काठी. त्याच उन्हाळ्यात जन्मलेलं पिल्लू होता तो. घरटं सोडून नुकता बाहेर पडला होता, तेव्हा कडी घातली." मी पिठाची रेघ बघत राहिले. कुणी वाट दाखवायला सोबत नाही, वजन चार चमचे साखरेएवढं, आणि आला तो थेट माझ्या तव्याच्या राखेपाशी. तव्यावरची भाकरी करपली. मॅडमनी ती करपलेलीच पेढ्याबरोबर खाल्ली.

घरी आले. आत्याबाई ओट्यावर होत्या. त्यांच्या हातावर पेढा ठेवला, पिठातली रेघ अंगणभर चालून दाखवली, सगळं सांगितलं. कोकणातनं दर वर्षी पायी परत आलेली बाई. त्यांनी पेढा तोंडात घोळवत, डोळे मिटून सगळा मुलूख ऐकून घेतला. मग म्हणाल्या,

"काय गं पारू, पैल्यांदा सोडलंस तवा रडत आलीस. परत सोडलंस, तर पेढं घिऊन आलीस. मदी तू केलंस काय? त्याला इचारलंस, कुठलं पाव्हणं म्हणून. येवढंच ना? आगं येडे, दारात आलेल्याला ते तर पैलंच इचारायचं आसतंय!"